बाडापासून टॅबपर्यंत: फिरतीवरच्या लेखकाची साधनं

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना प्रश्न पडला असेल की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की मोबाइलच्या दुकानातला सल्ला. प्रश्न रास्त आहे. लिहिणारी तरुण मुलं भेटली की हमखास विचारतात, ‘टॅबवर मराठीत कथा-कविता लिहायच्या तर कुठलं ॲप घ्यावं?’ आम्ही इतिहास शिकवणारी माणसं, त्यामुळे उत्तरही आम्ही आमच्या पद्धतीनं शोधलं. टेबल-खुर्चीवाचून, फिरतीवर लिहिणाऱ्यांनी आजवर काय वापरलं, त्यातलं काय टिकलं आणि जे हातातून निसटलं ते का निसटलं, एवढं पाहिलं तरी ॲप निवडणं सोपं जातं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. पंढरपूरच्या वाटेवरच्या कीर्तनकाराच्या झोळीत काय असायचं? बाड. पोथी वेगळी आणि बाड वेगळं, हे आधी लक्षात घेऊ. पोथी म्हणजे सुटी, रुंद पानं, दोन फळ्यांमध्ये बांधलेली. ती चौरंगावर ठेवून, बसून वाचायची. बाड म्हणजे लांबट कागद आखूड बाजूनं शिवून केलेली वही. पानं वरच्या अंगाला उलटायची. एका हातात धरता येते, गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत टाकता येते. कीर्तनकार त्यात अभंग उतरवून घ्यायचा, मध्येच एखादा दृष्टान्त टिपायचा, कुठं एखादं औषध, कुठं हिशोब. तमासगीर आणि शाहीर यांच्याकडेही अशीच बाडं असत. सोलापूरचे राम जोशी पेशवाईच्या अखेरच्या काळातले, लावणी आणि कीर्तन दोन्हींत वावरलेले. अशा फिरत्या कवींच्या रचना छापखाना येईपर्यंत जगल्या त्या लोकांच्या तोंडी आणि हातानं उतरवलेल्या बाडांत.

बाडाचा गुण कोणता? ते कुणाच्या मालकीच्या यंत्रावर अवलंबून नव्हतं. एकाच्या बाडातून दुसऱ्यानं उतरवून घेतलं की दोन प्रती झाल्या, दोनाच्या चार झाल्या. उतरवताना पाठभेद झाले, चुका शिरल्या, हे खरं. पण एक बाड नदीत वाहून गेलं म्हणून अभंग गेला, असं सहसा झालं नाही. हा मुद्दा मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरं साधन: मोडी लिपी. तुम्ही म्हणाल, लिपी हे साधन कसं? बघा, देवनागरीत लिहिताना हात वारंवार उचलावा लागतो. मोडीत आधी सगळ्या ओळीवर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, इकार एकच, उकार एकच. वेगासाठी जे सोडता येईल ते सोडलं. दरबारातला कारकून, पेढीवरचा मुनीम, मोहिमेवरचा चिटणीस यांच्यासाठी ही सोय होती. विल्यम केरीनं १८१० साली श्रीरामपुरात मराठीचा कोश छापला, तो मोडी खिळ्यांत. एवढी ती तेव्हा रुळलेली होती. पण पुढे शाळा आणि छापखाना देवनागरीचा झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली.

परिणाम काय झाला? आज अनेक घरांत पणजोबांचे कागद आहेत. कागद शाबूत, शाईसुद्धा शाबूत, आणि घरात वाचणारं कुणी नाही. मोडी वाचक शोधावा लागतो. म्हणजे लिखाण नष्ट व्हायला आग किंवा वाळवीच लागते असं नाही. वाचायची किल्ली हरवली तरी पुरतं.

तिसरा टप्पा छापखान्याचा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापलं, ते १८३१ साली. शिळाछाप म्हणजे हातानं लिहिलेलं पान जसंच्या तसं दगडावर उतरवून छापायचं. पुढे खिळाछाप रुळला. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा. शिळाछापाचं पान म्हणजे एक चित्र. त्यातला एक शब्द बदलायचा तर बरीच खटपट. खिळ्यांचं पान म्हणजे सुटी अक्षरं. एक खिळा काढा, दुसरा लावा. हा फरक आज टॅबवर जसाच्या तसा परत आला आहे, त्याकडे येऊच.

खिळ्यांची अडचण अशी की देवनागरीला ते फार लागायचे. जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार, सगळ्यांचे वेगळे. म्हणून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करायचा उद्योग केला. सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली, म्हणजे इ-उ ऐवजी ‘अि’, ‘अु’ असं लिहायचं, आणि किर्लोस्कर मासिकानं ती काही काळ चालवलीही. पुढे टंकयंत्र आलं. १९५५ साली गोदरेजनं देशी बनावटीचं टंकयंत्र बाजारात आणलं. गल्लोगल्ली टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या आणि मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेवर कितीतरी जणांच्या नोकऱ्या लागल्या. पण चाळीस-पन्नास कळांत सगळी देवनागरी बसवायची म्हणजे अर्धी अक्षरं, उभे दंड जोडून अक्षर उभं करावं लागायचं. ‘कि’ लिहायचं तर वेलांटी आधी, क नंतर. बोलताना उलट, टाइप करताना सुलट! या सगळ्या काळात यंत्र हलत नव्हतं, लिपीलाच वाकावं लागत होतं.

संगणक आल्यावर हे बदलायला हवं होतं. बदललं, पण मध्ये एक खड्डा लागला. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली, तिच्यात देवनागरी होती. म्हणजे रस्ता आखलेला होता. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं आपली बहुतेक वर्तमानपत्रं, प्रकाशनं आणि डीटीपीची दुकानं वेगवेगळ्या फॉन्टांवर चालली. या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण संगणकाच्या पोटात इंग्रजीचं एखादं अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असायचं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. या काळातल्या कितीतरी स्मरणिका, दिवाळी अंक, कवितासंग्रह सीडीवर पडून आहेत. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण कुठल्या फाइलला कुठला फॉन्ट, हे आठवणारा माणूस हयात पाहिजे. मोडीची गोष्ट आपण पन्नास वर्षांत दुसऱ्यांदा घडवली.

युनिकोडनं काय केलं? प्रत्येक अक्षराला कायमचा एक क्रमांक दिला. फॉन्ट बदला, यंत्र बदला, ‘क’ हा ‘क’ च राहतो. विंडोजवर ज्यातून आपण मराठी पाहिली तो मंगल फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींचा. आता यंत्राला लिपीप्रमाणे चालावं लागलं. आणि गंमत बघा, २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीलाही जागा मिळाली.

तरीही मराठीचे दोन-तीन काटे राहिलेच, आणि टॅबवर लिहिणाऱ्याला तेच टोचतात. आपण ‘ॲप’ म्हणतो ना, त्यातलं पहिलं अक्षर ‘ॲ’ युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे. काही कळफलकांवर आजही तसंच उमटतं. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण शोधयंत्राला ते दोन वेगळे शब्द. दुसरा काटा ‘दुसऱ्या’ मधल्या अर्ध्या र चा. कळफलकावर तो नीट नसेल तर त्याचा रफार होतो आणि ‘दुसर्या’ असं काहीतरी उमटतं. छापील पुस्तकात मुद्रितशोधक हे पकडायचा. टॅबवर मुद्रितशोधक तुम्हीच.

म्हणून आमचा पहिला सल्ला: ॲपच्या आधी कळफलक निवडा. त्यावर पाच शब्द लिहून पाहा: ॲप, दुसऱ्या, ऱ्हास, वाङ्मय, क्लृप्ती. पाचही न अडखळता आले तर कळफलक ठेवा. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा कळफलक शिकायला सोपा आहे. पण सोलापूरकरांनी इनस्क्रिप्टचा जरूर विचार करावा, कारण त्यात मराठीचा ‘क’ ज्या कळेवर, तेलुगूचा आणि कन्नडचा ‘क’ ही त्याच कळेवर. घरात तेलुगू आणि लिखाण मराठीत, असे लक्ष्मीनारायण बोल्लींसारखे लेखक या शहरानं दिले आहेत. ‘एका साळियाने’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. अशा घरातल्या नातवाला आजीचं बोलणं तेलुगूत आणि कथा मराठीत लिहायची असेल, तर बोटांना एकच रियाज पुरेल.

कळफलकाची आणखी एक खोड. तो शब्द सुचवतो, आणि ते बहुतेक प्रमाणभाषेतले असतात. आपलं ‘काय बे’ त्याला चूक वाटतं. बोलीत लिहिणाऱ्यानं आपोआप दुरुस्ती बंद ठेवावी. बोलून लिहिण्याची सोयही आहे, २०१७ पासून गुगलनं मराठीला ती दिली. टिपणासाठी उत्तम, पण बोलीतला संवाद नंतर हातानं तपासायलाच हवा.

आता ॲप. बाजारात नावं पुष्कळ आहेत, आणि ती बदलत राहतील. म्हणून नावांपेक्षा तीन प्रश्न लक्षात ठेवा.

पहिला: यातून बाहेर काय पडतं? टॅबच्या पेननं हाताक्षरात लिहायची ॲपं छान आहेत, पण ते शिळाछाप आहे. साठतं ते चित्र. अक्षरात रूपांतर केल्याशिवाय त्यात शब्द शोधता येत नाही, बदलता येत नाही. कवितेच्या पहिल्या खर्ड्याला चालेल, कादंबरीला नाही. आयए रायटर किंवा ऑब्सिडियनसारखी ॲपं साध्या मजकुराच्या फाइलीच ठेवतात. ती फाइल कुठल्याही यंत्रावर उघडते. स्क्रिव्हनर प्रकरणं आणि टिपणं मांडून ठेवायला सोयीचं, आतल्या फाइली आरटीएफ असतात, पण अँड्रॉइडवर ते नाही. गुगल डॉक्समध्ये मजकूर गुगलच्या यंत्रावर राहतो, तेव्हा अधूनमधून वर्ड किंवा साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घ्यायची सवय लावा.

दुसरा: रेंज गेली तर? हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये किंवा दिंडीत चालताना नेटवर्कचा भरवसा नसतो. काही ॲपांत ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवावी लागते. घरीच विमान मोड लावून दोन ओळी लिहा, ॲप बंद करा, परत उघडा. ओळी जागेवर असतील तरच ते प्रवासाला न्या.

तिसरा: प्रत किती ठिकाणी आहे? प्रतिलिपीसारख्या मंचावर थेट लिहिणारे आता पुष्कळ आहेत. वाचक लगेच मिळतो, हुरूप येतो, यात वाईट काही नाही. पण मंच म्हणजे कीर्तनाची जागा. बाड आपल्या झोळीत वेगळं हवं. एक प्रत टॅबमध्ये, एक पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या यंत्रावर, आणि वर्षातून एकदा कागदावर छापून.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगायचं कारण एकच. या शहरात मागावर बसलेल्यांनी, विड्या वळणाऱ्यांनी, गिरणीचे भोंगे ऐकत वाढलेल्यांनी आयुष्यभर जे पाहिलं, ते फार थोडं लिहिलं गेलं. टेबल नव्हतं, निवांतपणा नव्हता. आता त्यांची मुलं-नातवंडं लोकलमध्ये, बसस्टँडवर, पाळी सुटल्यावर लिहीत आहेत. त्यातल्या कित्येकांच्या घरातला हा पहिला लेखक आहे. त्याचं लिखाण बंद पडलेल्या ॲपमध्ये अडकलं तर ते उतरवून घ्यायला दुसरं बाड कुठेही नसेल. मोडीच्या वेळी निदान कागद तरी हातात राहिले.

तेव्हा ॲप आवडीनं निवडा, रंगरूप पाहून निवडलंत तरी आमची तक्रार नाही. फक्त आज घरी गेल्यावर, तुमच्या टॅबमधला एक लेख त्या ॲपबाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. दुसऱ्या यंत्रावर ‘दुसऱ्या’ नीट दिसला तर निर्धास्तपणे पुढे लिहा. नाही दिसला तर पहिलं काम ते. आता तुमचे प्रश्न घेऊ या.