नाव झाकणारा नियम : शालान्त परीक्षेतील वर्तन-नियमांचा इतिहास आणि कळवण तालुका

परीक्षापद्धतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः अभ्यासक्रम, शिक्षणाचे माध्यम आणि निकालाची टक्केवारी यांकडे जाते. परीक्षार्थ्याने कोठे बसावे, किती वाजता यावे, जवळ काय बाळगावे, उत्तरपत्रिकेवर काय लिहावे आणि काय लिहू नये, या नियमांकडे मात्र किरकोळ कार्यालयीन बाब म्हणून दुर्लक्ष होते. प्रवेशपत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला हा मजकूर विद्यार्थीही क्वचितच वाचतो. तथापि या नियमांचा क्रम लावून पाहिला तर त्यांत दोन भिन्न प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. एक प्रवृत्ती परीक्षार्थ्याला झाकणारी आहे. त्याचे नाव, गाव, शाळा आणि जात परीक्षकाच्या दृष्टीआड करून ती केवळ त्याचे लेखन पुढे ठेवते. दुसरी प्रवृत्ती परीक्षार्थ्यावर नजर ठेवणारी आहे. पहिली अगोदर आली, आणि सामाजिक दृष्ट्या अधिक मोलाची तीच होय. दुसरी मागाहून वाढली व आज तीच ‘परीक्षेचे नियम’ या नावाने ओळखली जाते. हा पालट का घडला, हे पाहण्यास शहरापेक्षा एखादा दूरचा तालुका अधिक उपयोगी पडतो.

कळवण हा नाशिक जिल्ह्याच्या वायव्य भागातील डोंगराळ तालुका. सप्तशृंगीचा गड याच तालुक्यात आहे. गिरणेच्या वरच्या खोऱ्यावर आणि चणकापूरच्या धरणावर येथील बागायत अवलंबून आहे. खोऱ्यात मोठी गावे व बाजारपेठा, आणि सुरगाण्याच्या बाजूस डोंगरात विखुरलेले कोकणा, भिल्ल व महादेव कोळी यांचे पाडे, अशी येथील वस्तीची ठेवण आहे. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर. तालुक्यात आगगाडी कधीच आली नाही. हे अंतर परीक्षेच्या इतिहासात पुनःपुन्हा आडवे येते.

एकोणिसाव्या शतकात खेड्यातील मुलाला माहीत असलेली सरकारी परीक्षा म्हणजे ‘दिपोटी’ची परीक्षा. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर घोड्यावरून अथवा बैलगाडीतून गावी येई, मुलांना उभे करून वाचावयास लावी, पाटीवर गणित घाली आणि तेथल्या तेथे बरेवाईट ठरवी. या परीक्षेत मुलाचा चेहरा, त्याचे नाव, त्याच्या बापाचा धंदा आणि त्याची वर्गातील जागा हे सर्व परीक्षकापुढे उघडे असे. इंग्लंडमध्ये 1862च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी जोडले होते. त्याची छाया मुंबई इलाख्याच्या अनुदानपद्धतीवरही पडली. परीक्षा मुलाची, पण जोखमीत मास्तर, अशी ही रचना होती. राजकोटच्या शाळेत इन्स्पेक्टर जाइल्स आले असता एका इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकलेल्या मोहनदास गांधींना शिक्षकाने शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिही म्हणून बुटाच्या टोकाने खुणावले, ही त्यांच्या आत्मचरित्रातील हकीकत सर्वपरिचित आहे. ती सत्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून सांगण्याचा प्रघात पडला आहे. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातील अधिक बोलकी गोष्ट निराळी आहे. नक्कल करण्याची सूचना तेथे मुलाकडून आली नाही, ती शाळेची लाज राखू पाहणाऱ्या शिक्षकाकडून आली. परीक्षेतील गैरवर्तन हा विद्यार्थ्याच्या चारित्र्याचा प्रश्न आहे, असे धरून चालणाऱ्या पुढील सर्व नियमांना हा प्रसंग अडचणीचा आहे.

समोरासमोरच्या परीक्षेत जात लपत नसे. किंबहुना पुष्कळ ठिकाणी परीक्षेपर्यंत पोहोचण्याआधीच ती आडवी येई. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने केलेला अर्ज मुंबई सरकारने नाकारला. ज्यांना प्रवेश मिळाला त्यांनाही वेगळे बसविण्यात येई. अशा वर्गात घेतलेल्या तोंडी परीक्षेत परीक्षक कितीही न्यायी असला तरी त्याला सर्व काही दिसत असे.

1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि 1859 साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्णांपैकी होत. या परीक्षांमुळे हळूहळू लेखी उत्तरपत्रिकेला प्राधान्य आले, आणि लेखी उत्तरपत्रिकेला नावाची गरज नसते, क्रमांक पुरतो. ही कल्पना युरोपात जन्मली असे मात्र समजण्याचे कारण नाही. चीनमध्ये सुंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या आरंभापर्यंत, राजसेवेच्या परीक्षांत उमेदवाराचे नाव कागद चिकटवून झाकण्याची आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून सर्व उत्तरे लेखनिकांकडून पुन्हा लिहून घेण्याची व्यवस्था झाली होती. ज्या समाजात घराणे पाहूनच माणसाची किंमत केली जाई, त्या समाजात राजसत्तेने घराणे झाकण्यासाठी एवढा खर्च करावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

मुंबई इलाख्यात हा नियम आला तो कोणा सुधारकाच्या आग्रहाने नव्हे, तर परीक्षेच्या सोयीसाठी. त्याचे सामाजिक परिणाम नंतरचे. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्याची जात विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत उत्तरांचा भाग नव्हती. परंतु येथेच या नियमाची मर्यादाही दिसून येते. शाळेत संस्कृत शिकण्यास मज्जाव झाल्यामुळे त्यांना फार्सी घ्यावी लागली होती. परीक्षकापुढे जात झाकली गेली, तरी कोणत्या विषयाची प्रश्नपत्रिका हाती यावयाची हे जातीने आधीच ठरवून टाकले होते. क्रमांक परीक्षेच्या दिवसापुरता समान करतो. त्यामागची दहा वर्षे तो समान करीत नाही.

दुसरी अडचण अंतराची. आरंभी परीक्षार्थ्यालाच परीक्षेकडे जावे लागे. 1887 साली गांधी मॅट्रिकला बसले तेव्हा काठेवाडच्या मुलांना मुंबई व अहमदाबाद ही दोनच केंद्रे उपलब्ध होती, आणि खर्चाच्या दृष्टीने परवडणारे म्हणून अहमदाबाद पत्करावे लागे. राजकोटहून अहमदाबाद हा त्यांचा पहिला एकट्याने केलेला प्रवास. इंग्लंडमध्ये 1858पासून केंब्रिजने गावोगावी परीक्षा घेण्यास सुरुवात केली तेव्हा परीक्षक कुलूपबंद पेट्या घेऊन रेल्वेने जात. तेथे परीक्षा मुलांच्या गावी जाऊ लागली होती. कळवणसारख्या तालुक्यातील मुलाच्या वाट्याला हे येण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. तोपर्यंत सर्वसामान्य शेतकऱ्याच्या मुलाची मजल मराठी सातवीच्या, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलच्या, परीक्षेपर्यंत. त्या दाखल्यावर प्राथमिक शिक्षकाची अथवा तलाठ्याची नोकरी मिळे, आणि खेड्यात तेवढी प्रतिष्ठा पुष्कळ होती.

स्वातंत्र्यानंतर मात्र चित्र झपाट्याने पालटले. 1948च्या कायद्याने मुंबई राज्यात माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळ आले, आणि 1949पासून मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी.ने घेतली. शालेय शिक्षणाचा शेवट विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापासून वेगळा करण्यात आला. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर 1965च्या कायद्यान्वये राज्यासाठी नवी रचना झाली व 1966च्या जानेवारीपासून ती अमलात आली. दरम्यान आदिवासी भागात शाळा पोहोचू लागल्या होत्या. नाशिकच्या डोंगरी मुलखात डांग सेवा मंडळाचे काम 1937पासून चालू होते. राज्याने स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना साहाय्य देण्याची योजना 1953-54मध्ये आणि शासकीय आश्रमशाळांची योजना 1972-73मध्ये सुरू केली. कळवण येथे पुढे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय झाले. ज्या घरात पूर्वी कोणी शाळेत गेले नव्हते, त्या घरातील मुलगा आणि नंतर मुलगी दहावीच्या परीक्षेस बसू लागली. केंद्र आता तालुक्यात आले, पुढे मोठ्या गावांतही आले.

परीक्षा गावात आली तसे गावही परीक्षेत आले. हा या इतिहासातील खरा सांधा होय. परक्या शहरात एकट्याने गेलेल्या परीक्षार्थ्याला मदत करणारे कोणी नसे. त्याच्यासाठी नियम पुरे. आता शाळेच्या कुंपणाबाहेर त्याचा भाऊ, मामा, वर्गमित्र, क्वचित शिकवणीचे मास्तरही उभे राहू लागले. त्यांच्या दृष्टीने ही अप्रामाणिकता नव्हती, आपल्या पोराची पाठराखण होती. शेताच्या बांधावर जे कर्तव्य, तेच खिडकीखाली. याच काळात ‘कॉपी’ या इंग्रजी शब्दाने मराठीत आपला मूळ अर्थ जवळजवळ सोडून दिला. ‘नक्कल’ आणि ‘गैरमार्ग’ हे शब्द परिपत्रकांत राहिले, लोकांच्या तोंडी ‘कॉपी’च रुळली. तिला खाली ‘चिठ्ठी’ पुरवणारे आणि वरून ‘भरारी पथक’ पाठवणारे, असे दोन पक्ष तयार झाले.

1982 साली महाराष्ट्राने विद्यापीठ, मंडळ व इतर निर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांस प्रतिबंध करणारा अधिनियम केला. परीक्षार्थ्याच्या वर्तनाबरोबरच प्रश्नपत्रिका फोडणे, परीक्षार्थ्यास बाहेरून साहाय्य करणे या गोष्टीही त्याने फौजदारी कक्षेत आणल्या. नियमाचा रोख उमेदवारावरून कुंपणावर सरकल्याची ही कायदेशीर कबुलीच म्हणावयास हवी. पुढे छायाप्रतीची यंत्रे तालुक्याच्या बाजारपेठेत आली आणि एका चिठ्ठीच्या शंभर चिठ्ठ्या होऊ लागल्या. नियमही त्या मागोमाग गेले आणि केंद्राभोवतालच्या झेरॉक्सच्या दुकानांवर बंधने आली. 2010च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी सर्व महसुली यंत्रणा परीक्षाकेंद्रांवर उभी केली तेव्हा त्या जिल्ह्याचा निकाल एकदम घसरला. पूर्वीच्या निकालांत किती अंश परीक्षार्थ्यांचा आणि किती गावाचा होता, याचे ते अनपेक्षित मोजमाप ठरले. नंतर हे अभियान राज्यभर नेण्यात आले. तथापि निकाल घसरला तो कोणाचा, याची चर्चा फारशी झाली नाही. ज्या शाळांना गणित व इंग्रजीचे शिक्षक वर्षभर मिळाले नव्हते, तेथील मुले मार्च महिन्यात प्रामाणिक झाली आणि जूनमध्ये अनुत्तीर्ण ठरली. शिक्षकाची जागा रिकामी ठेवणे हा मात्र कोणत्याही शिक्षासूचीत गैरप्रकार म्हणून गणला गेलेला नाही.

2023च्या परीक्षेपासून आणखी एक बदल झाला. प्रश्नपत्रिका वाचनासाठी दहा मिनिटे अगोदर देण्याची पद्धत बंद झाली, आणि ती दहा मिनिटे वेळेच्या शेवटी जोडण्यात आली. कारण उघड होते. भ्रमणध्वनीच्या काळात दहा मिनिटांत प्रश्नपत्रिका जगभर जाते. सकाळच्या सत्रासाठी परीक्षार्थ्याने साडेदहास हजर राहावे, अकराला परीक्षा सुरू व्हावी, असे ठरले. नियम सर्वांना एकच आहे. परंतु केंद्राशेजारी राहणाऱ्या मुलाला साडेदहा म्हणजे साडेदहा, आणि डोंगरातल्या पाड्यावरून सडकेपर्यंत पायी येऊन एस. टी. गाठणाऱ्या मुलीला तेच साडेदहा म्हणजे पहाट. 1887च्या अहमदाबाद-प्रवासाचे हे लहान रूपच होय. तो प्रवास आता सात-आठ वेळा करावा लागतो इतकेच. कळवणच्या आश्रमशाळांतील निवासी मुलांची सोय तुलनेने बरी, कारण त्यांना केंद्रावर पोहोचविण्याची जबाबदारी शाळा घेते. घरून येणाऱ्यांसाठी अशी तरतूद नियमांत नाही.

नजर ठेवणाऱ्या या नियमांच्या गर्दीत एक तरतूद मात्र वेगळ्या जातीची आहे. परिरक्षकाच्या ताब्यातून ‘रनर’ने आणलेले प्रश्नपत्रिकांचे मोहोरबंद पाकीट परीक्षादालनातच उघडावयाचे, आणि ते बंद होते याबद्दल दोन परीक्षार्थ्यांच्या स्वाक्षऱ्या घ्यावयाच्या, अशी ती पद्धत. सर्व नियमावलीत ज्याच्याकडे संशयित म्हणून पाहिले जाते, तोच येथे साक्षीदार होतो. मंडळ प्रामाणिक राहिले की नाही, हे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सही करून सांगतो. ज्या घरात सातबाऱ्यावर वा कर्जाच्या कागदावर अंगठाच उठत आला, त्या घरातील मुलाची ही पहिली सार्वजनिक साक्ष असू शकते. या सहीला परीक्षेच्या इतिहासात अद्याप कोणी जागा दिलेली नाही.

जानेवारी 2025मध्ये या दोन प्रवृत्ती एकाच महिन्यात समोरासमोर आल्या. एकीकडे फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या परीक्षांच्या तयारीत शाळाशाळांतून कॉपीमुक्तीची शपथ आणि शिक्षासूचीचे वाचन चालू होते. दहावीसच त्या वर्षी सुमारे 16 लाख परीक्षार्थी बसणार होते. दुसरीकडे मंडळाने दिलेल्या प्रवेशपत्रांवर परीक्षार्थ्याचा जात-प्रवर्ग छापलेला आढळला. शाळेच्या दाखल्यातील प्रवर्गाची नोंद चुकल्यास ती वेळीच दुरुस्त व्हावी, त्यामुळे पुढे शिष्यवृत्तीस अडचण येऊ नये, असे त्याचे कारण मंडळाने दिले. हे कारण सर्वस्वी पोकळ नव्हते. चुकीच्या नोंदीपायी होणारी परवड आदिवासी पालकांना चांगली ठाऊक असते. शिवाय प्रवेशपत्र उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापुढे जात नाही. मात्र ते पर्यवेक्षकापुढे, भरारी पथकापुढे, दाराशी झडती घेणाऱ्यापुढे जाते, आणि झडती कोणाची कसून घ्यावयाची हे तेथे माणूसच ठरवतो. उत्तरपत्रिकेवर आपले नाव, गाव, शाळा अथवा ओळख पटेल अशी कोणतीही खूण करू नये, अशी सूचना परीक्षार्थ्याला देणाऱ्या मंडळानेच ती खूण त्याच्या हातातील कागदावर छापली होती. राज्यभरातून आक्षेप आले. काही दिवसांतच मंडळाने निर्णय मागे घेतला आणि त्याच महिन्यात तो रकाना वगळून नवी प्रवेशपत्रे उपलब्ध करून दिली. जुनी प्रवेशपत्रे ज्यांनी आधीच छापून घेतली होती, त्या शाळांनी ती पुन्हा छापून, मुख्याध्यापकाचा शिक्का व सही करून, विद्यार्थ्यांना वाटली.