लांबट भोकाची कुळकथा

मोटारीच्या दाराचे पॅड उतरवून आतला प्लास्टिकचा कागद बाजूला केला, की काच वरखाली करणारे मशीन दिसते. काचेची खालची कड एका पट्टीत धरलेली असते आणि ती पट्टी, किंवा काच ज्या रुळावरून चालते तो रूळ, बोल्टने आवळलेला असतो. त्या बोल्टची भोके मुद्दाम पाहावीत. त्यातली काही गोल नसतात, लांबट असतात. बोल्ट ढिला केला की काच काही मिलिमीटर पुढेमागे, आतबाहेर किंवा तिरकी करता येते. कारखान्यातल्या कच्च्या मापावर पांघरूण घालण्यासाठी ही सोय ठेवली आहे, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. काच एकदा तयार झाली की वाकत नाही, दबत नाही, ताणली जात नाही. म्हणून जुळवून घेण्याचे काम कायम तिला धरणाऱ्या वस्तूकडे आले. लांबट भोक हे त्याच जुन्या व्यवहाराचे आजचे रूप आहे.

याचा एक पुरावा तळेगाव दाभाड्यात सापडतो. माणशी वर्षाला एक पैसा जमवण्याची कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये इथे काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवत. दिव्याच्या चिमण्या, बाटल्या, बरण्या हा त्या काळच्या देशी काच कारखान्यांचा नेहमीचा माल. नळीने फुंकलेली एक चिमणी दुसरीशी केसभरही फरक न राहता जुळेल, हे अशक्य. तरी एका मापाची कोणतीही चिमणी त्या मापाच्या कोणत्याही दिव्यावर बसे, कारण बर्नरभोवती पत्र्याच्या लवचीक पाकळ्या असत. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ पासून काच कारखाना चालला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर पोचला. वादळी कंदिलाच्या या जातीत तर काच हलतीही असते. खटका दाबला की तारांच्या पिंजऱ्यात ती वर सरकते, वात पेटवून खटका सोडला की खाली बसते, आणि वरची टोपी स्प्रिंगच्या दाबाने तिला धरून ठेवते. हलणारी ठिसूळ काच, तिला वाट दाखवणारी तार आणि फरक पोटात घेणारी स्प्रिंग: मोटारीच्या दारातली मंडळी ती हीच.

कंदिलाचे आणि मोटारीच्या दाराचे नाते लावणे ओढूनताणून आहे, असे कोणी म्हणेल. थेट वंश लावायचा तर तो कंदिलाकडून येत नाही, हे खरेच. तो येतो घोड्याच्या बंद बग्गीकडून आणि आगगाडीच्या डब्याकडून. तिथे काच लाकडी चौकटीत बसवलेली असे. चौकटीला कातडी पट्टा आणि पट्ट्याला ओळीने भोके. हवे ते भोक खुंटीला अडकवले की काच तेवढ्या उंचीवर थांबे. चौकट अडकली तर सुतार रंधा मारी. म्हणजे इथेही नमते घेतले ते लाकडाने. सुरुवातीच्या बंद मोटारींनी हा पट्टा जसाच्या तसा उचलला. पण अमेरिकेत १९१९ मध्ये दहातली जेमतेम एक मोटार बंद बांधणीची होती, ती १९२७ मध्ये शंभरात पंचाऐंशी झाली. एवढ्या दारांना रंधा मारत बसणे कोणत्याही कारखान्याला झेपणारे नव्हते. हँडलने फिरणारे दातेरी चक्र, कात्रीसारखे उघडणारे दांडे आणि हात सोडला तरी काच खाली पडू न देणारी स्प्रिंगची पकड या काळात सर्रास झाली. कंदील आणि बग्गी या वेगळ्या घराण्यांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली, आणि माझ्या म्हणण्याला खरे बळ मिळते ते यातूनच.

लाकडी चौकट गेली, काच उघडीच चालू लागली आणि पुढे साध्या काचेची जागा कडक केलेल्या काचेने घेतली. फ्रान्समधल्या द ला बास्ती याने १८७४ मध्ये तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचे पेटंट घेतले. त्या काचेच्या दिव्याच्या चिमण्याही बाजारात आल्या होत्या. आजच्या पद्धतीत काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. पृष्ठभाग आकसून घट्ट होतो, आतला गाभा ताणात राहतो. अशी काच फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी खिडक्यांनाही सुरक्षा काच सक्तीची केली. या गुणाची किंमत मात्र मोठी आहे. कडक केल्यावर काच कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासायला गेले तर सगळी काच दाणे होऊन खाली येते. भोक पाडायचे ते भट्टीत जाण्याआधीच. म्हणजे भट्टीतून बाहेर आल्यावर तिच्या मापात फेरफाराची वाट बंद. उरलेला सगळा फरक दाराच्या पत्र्याने, पट्टीने आणि रबराने सोसायचा. लांबट भोक इथे अटळ ठरते.

आता यंत्रमानव दारे जोडतात, मापे नेमकी येतात, मग ही सोय कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. याच तळेगावात जनरल मोटर्सचा मोटार कारखाना २००८ ते २०२० चालला, २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. अशा ठिकाणी जोडणीच्या वेळी हाताने जुळवणे खरोखरच कमी झाले आहे. पण दार कारखान्यातून बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षे वापरले जाते. बिजागरी खाली बसते, रबर कडक होते. मावळचा पाऊस काचेला लागून दारात उतरतोच. दाराच्या तळाला पाणी जाण्याची भोके त्यासाठीच असतात, आणि ती चिखलाने बुजली की पट्टी गंजते. वरती चौकट नसलेल्या दारांत तर गरज आणखी वाढते, कारण तिथे काचेच्या वरच्या कडेला आवर घालायला छताच्या रबराखेरीज काही नसते. शिवाय काच कधीतरी फुटते आणि नवी बसवावी लागते. अशा वेळी जाणता मिस्त्री बोल्ट लगेच आवळत नाही. ते हाताने नुसते लागतील एवढेच फिरवतो, काच पूर्ण वर नेतो, वरच्या आणि बाजूच्या रबरात ती आपणहून बसू देतो. मग तिला त्याच जागी ठेवून आधी एक बोल्ट, नंतर दुसरा घट्ट करतो. एकदा खाली, एकदा वर करून पाहतो. कुठे घासली तर पुन्हा अर्धा आटा ढिला.