भार आणि पकड

ठाण्याच्या उत्तर अंगास माजिवडा येथे घोडबंदरचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गास येऊन मिळतो. तेथून भिवंडीवरून नाशिकची वाट धरणाऱ्या मालमोटारींस पुढे कसाऱ्याचा थळघाट चढावा लागतो. पावसाळ्यातील निसरड्या चढावर कधी कधी मोठा विरोधाभास दृष्टीस पडतो. माल भरलेले पिकअप वाहन निमूटपणे वर जाते. रिकाम्याची मागची चाके मात्र जागच्या जागी गरगरतात. ओझे नाही म्हणून जे हलके, तेच अडते. हे कोडे आगगाडीच्या जन्मकाळीच यंत्रज्ञांपुढे उभे राहिले होते.

गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर घसरणारच, अशी त्या काळी अनेकांची धारणा होती. त्यामुळे 1812 साली इंग्लंडातील लीड्सजवळच्या कोळशाच्या मार्गावर ब्लेंकिन्सॉप याने दातेरी रूळ व दातेरी चाक योजिले. विल्यम हेडली याने मात्र प्रत्यक्ष प्रयोग केला. माणसांकडून हाताने फिरविल्या जाणाऱ्या चाकांची एक गाडी त्याने करविली, तिच्यावर निरनिराळी वजने ठेवली आणि मागे कोळशाचे डबे जोडून चाके केव्हा घसरतात हे पाहिले. पुरेसा भार असेल तर गुळगुळीत चाकही ओढू शकते, हे त्यावरून सिद्ध झाले.

16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि 1 मे 1854 रोजी मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेथवरची भूमी बहुतांशी सपाट. खरी कसोटी पुढे होती. कल्याणहून एक फाटा बोरघाटाकडे व दुसरा थळघाटाकडे निघाला. बोरघाट 1863 साली व थळघाट 1865 साली खुला झाला. दोहोंतील तीव्रतम चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. म्हणजे गाडीच्या दर टनामागे केवळ चढासाठी सुमारे सत्तावीस किलो ओढ लागते.

समजा, इंजिनाच्या ओढणाऱ्या चाकांवर चाळीस टन भार आहे. कोरड्या रुळावर त्याच्या चौथाईइतकी, म्हणजे दहा टन ओढ मिळू शकेल. ओल्या, तेलकट रुळावर ती चार टनांवरही येईल. इतर विरोध सोडून दिले, तरी इंजिनासह जेथे तीनशे सत्तर टन चढले असते, तेथे दीडशेही चढणार नाहीत. वाफ तीच, शक्ती तीच. उणी पडते ती पकड.

यास्तव घाटासाठी आणलेल्या जुन्या इंजिनांत पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरच्या पाठीवर बसविलेली असे. मागे जोडलेल्या स्वतंत्र गाड्यात पाणी भरले, तर ते निव्वळ ओझे. ओढणाऱ्या चाकांवर ठेवले, तर तेच बळ. एक उणीव मात्र राहीच : पाणी व कोळसा सरत जाई, तसतशी पकडही घटे. चाकांपुढे नळीने वाळू सोडीत आणि मागून रेटण्यास जादा इंजिने जोडीत. 1928 पासून आलेल्या, ‘मगर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विजेच्या इंजिनांत सहाही आस चालविले जात. त्यांचा सारा भार ओढण्याच्या कामी येई. 1907 साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी तर वीस फुटांस एक फूट असा चढ दातेरी रुळावाचून चढते.

पिकअपचे शास्त्र निराळे नाही. बहुतेकांचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. हौदा रिकामा असला की त्याच चाकांवर भार कमी. म्हणून अमेरिका व कॅनडा येथील हिमाच्छादित प्रदेशांत लोक हिवाळ्यात हौद्यामध्ये वाळूची पोती ठेवतात. ती मागच्या आसाच्या बरोबर वर अथवा किंचित पुढे ठेवून घट्ट बांधावी लागतात. अगदी मागच्या टोकास ठेवल्यास पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ढिले पडते. शिवाय चाक अडलेच, तर पोते फोडून वाळू त्याच्यापुढे पसरता येते.

परंतु चढावरचा हा मित्र उतारावर वैरी ठरतो. भार वाढला की ब्रेकवरचा ताण व उष्णता वाढते. वाहन लवकर थांबत नाही. म्हणूनच रेल्वेने घाटात आवरेनाशी झालेली गाडी थोपविण्यासाठी चढते फाटे बांधले. रस्त्यावरील प्रत्येक वाहनामागे असा फाटा सज्ज नसतो. तेथे वाहनाला ठरवून दिलेली भारमर्यादा, चांगले टायर आणि मंद गती हेच रक्षण. घाट चढण्यास किती भार हवा, एवढेच विचारून भागत नाही. तो घेऊन सुखरूप उतरता येईल काय, हेही निघण्यापूर्वीच पाहिले पाहिजे.