काळीज बदलताना : एका आकड्याचे वाचन

'काळीज' हा शब्द आज आपण हृदयासाठी योजतो. परंतु खाटकाच्या दुकानातली 'कलेजी' म्हणजे यकृतच. भाषेने माया आणि धैर्य यांच्याशी जोडलेला हा अवयव दुसऱ्याच्या देहातून आणून बसवण्याचा इतिहास जेमतेम साठ वर्षांचा आहे. त्यातले पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावे, असे आम्हांस वाटते. कारण पुरावा कसा वाचावा हा प्रश्न तेथे जीवनमरणाचा झाला आहे.

१९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी माणसातील पहिले यकृतप्रत्यारोपण केले. तो बालरुग्ण शस्त्रक्रियेतच दगावला. १९६७ मध्ये पहिले यश आले. ती बालिका वर्षाहून अधिक जगली, पण ज्या कर्करोगासाठी यकृत बदलले होते, तोच परतून तिला घेऊन गेला. पुढच्या इतिहासातला पेच या पहिल्या यशातच होता. परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपावी लागते, आणि मागे उरलेल्या कर्कपेशींना तेच अभयदान ठरते.

डाव्या-उजव्या पित्तनलिका यकृताच्या मुखाशी जेथे मिळतात, तेथील कर्करोगाचे तपशीलवार वर्णन जेराल्ड क्लाट्स्किन यांनी १९६५ मध्ये १३ रुग्णांच्या आधारे केले. ही गाठ लहान असली तरी मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असल्याने अनेकदा कापून काढता येत नाही. मग सगळे यकृतच बदलावे, हा विचार ओघानेच आला. तो फसला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २०७ रुग्णांच्या आढाव्यात निम्म्याहून अधिकांचा रोग उलटला होता. पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते. दात्यांचे अवयव आधीच दुर्मीळ; ते या रोगाला देणे अन्यायाचे मानले जाऊ लागले.

याच सुमारास मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये १९९३ पासून वेगळी वाट चोखाळली जात होती. यकृत जाणारच असेल, तर ते जपण्याची चिंता न करता किरणोपचाराची मात्रा वाढवता येते, हे तिचे मर्म. आधी बाहेरून किरण व सोबत औषधे, मग नलिकेतच इरिडियम, नंतर पोट उघडून रोग पसरला नसल्याची खातरजमा, आणि शेवटी प्रत्यारोपण. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंतच हवी. २००५ मध्ये निकाल आले : प्रत्यारोपण झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणारे ८२ टक्के.

हा आकडा कोणाचा, हे येथे विचारले पाहिजे. उपचार सुरू झालेल्या ७१ जणांपैकी प्रत्यारोपण झाले होते ३८ जणांचे. कथनात कोण उरले आणि कोण गळले, हे पाहण्याची सवय साहित्याच्या वाचकाला असते. तीच येथे हवी. शिवाय सुईने तुकडा काढल्यास रोग पसरेल या भीतीने पोटातून अशी तपासणी करणे वर्ज्य होते. त्यामुळे काढलेल्या यकृतात गाठ सापडली नाही, तर ती किरणांनी नष्ट झाली की मुळात नव्हतीच, ही शंका टीकाकारांनी उपस्थित केली.

२०१२ मध्ये अमेरिकेतील १२ केंद्रांचा अभ्यास आला. उपचार घेतलेले २८७, प्रत्यारोपण झालेले २१४. प्रत्यारोपणानंतर पाच वर्षे रोगमुक्त राहिलेले ६५ टक्के. परंतु वाटेत गळलेल्यांसह सर्वांचा हिशेब केला, तर पाच वर्षे जगलेले ५३ टक्के. आम्हांस हा दुसरा आकडा अधिक प्रामाणिक वाटतो. तो लहान असला तरी निराशेचा नाही : ज्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची वाट बंद होती, त्यांतल्या निम्म्यांहून अधिकांना त्याने पाच वर्षे दिली.

मात्र त्या प्रत्येक यकृताची वाट दुसरेही कोणी पाहत होते. हा दुसरा रुग्ण या दोन्ही आकड्यांत कोठेच नाही. आणि अवयव कोणाला द्यावा हे ठरवणाऱ्यास त्याचाही विचार करावा लागतो.