सारवण आणि सारिसु : घराच्या स्वच्छतेची मराठी-कन्नड शब्दसृष्टी व स्वस्ताईचा हिशेब

बंगळूरच्या मेट्रोमार्गावर यशवंतपूरच्या लगतचे स्थानक ‘सँडल सोप फॅक्टरी’ या नावाने ओळखले जाते. एखाद्या साबणाच्या कारखान्याचे नाव स्थानकाला मिळावे, ही गोष्ट त्या कारखान्याचे नागरी स्मृतीतील स्थान दर्शविते. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाची युरोपात होणारी निर्यात खुंटली आणि साठून राहिलेल्या चंदनाचे काय करावे, असा प्रश्न दरबारापुढे उभा राहिला. नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकीर्दीत, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१६ मध्ये चंदनतेल काढण्याचा आणि त्यापासून साबण करण्याचा जो उद्योग सुरू झाला, तोच पुढे यशवंतपूर-राजाजीनगरच्या औद्योगिक परिसरात स्थिरावला. १९८० मध्ये त्याला सरकारी कंपनीचे रूप आले आणि २००६ मध्ये ‘म्हैसूर सँडल’ साबणाला भौगोलिक मानांकन लाभले.

साबणाचा इतिहास असा सनावळीसह सांगता येतो. परंतु ज्या काळात हा साबण तयार होऊ लागला, त्या काळातील बहुसंख्य घरे साबणाने स्वच्छ होत नव्हती. ती राख, शेण, चुना, चिंच, रिठा आणि केरसुणी यांनी स्वच्छ होत होती. या साधनांना ना संस्थापक, ना स्थापनावर्ष. त्यांचा दप्तरी इतिहास नाही; जो आहे तो भाषेत आणि वाङ्मयात विखुरलेला आहे. तो मराठी आणि कन्नड या दोन शेजारी भाषांच्या आधारे जुळविण्याचा आणि ‘अल्पखर्ची’ म्हणून ज्या रीतींचा आज गौरव केला जातो, त्यांचा खर्च वस्तुतः कोणी सोसला हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. शब्दांची साक्ष

यशवंतपूरच्या बाजारात हिंडणाऱ्या मराठी माणसाला घरकामाच्या वस्तूंची नावे फारशी परकी वाटत नाहीत. मराठी गृहिणी जमीन ‘सारवते’, तर कन्नड गृहिणी ती ‘सारिसते’. सारवणाच्या क्रियेस कन्नडात ‘सारणे’ म्हणतात. मराठीतले अंगण कन्नडात ‘अंगळ’ होते. रांगोळी तेथे ‘रंगोली’ वा ‘रंगवल्ली’ असते. मराठीतील ‘चुना’ आणि कन्नडातील ‘सुण्ण’ या दोहोंचे मूळ संस्कृत ‘चूर्ण’ शब्दात आहे. उलट ‘शिकेकाई’ हा शब्द दक्षिणेकडून मराठीत आला, हे त्याच्या शेवटी असलेल्या ‘काई’वरून उघड होते, द्राविडी भाषांत ‘काय्’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. रिठ्याला मात्र कन्नडात ‘अंटुवाळ’ असे अगदी वेगळे नाव आहे.

यांपैकी प्रत्येक शब्दाच्या व्युत्पत्तीचा निर्णय देण्याचा येथे हेतू नाही. देवघेवीचे हे क्षेत्र कोणते, हे लक्षात घेणे अधिक महत्त्वाचे आहे. इ. स. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी येथे राजकारभाराची भाषा म्हणून वावरली. राज्यकर्त्यांच्या भाषेतून दप्तराचे, हुद्द्यांचे शब्द येतात, हे आपण जाणतोच. परंतु सारवण, अंगण, रांगोळी हे दप्तरातले शब्द नव्हेत. ते उंबरठ्यापाशी, विहिरीवर आणि आठवडी बाजारात वापरले जाणारे शब्द आहेत. दोन भाषिक समाज एकाच तऱ्हेच्या जमिनीवर, एकाच तऱ्हेच्या मातीच्या भिंतींत राहिले, याची ती साक्ष आहे.

२. रीत आणि तिचे तर्कशास्त्र

ही साधने स्वस्त होती, याचा अर्थ ती ओबडधोबड होती असा नव्हे. चुलीतील राखेत क्षार असतो. खरकट्या भांड्यावरील तेलकटपणाशी त्याचा संयोग झाला की भांड्यावरच अल्पसा साबण तयार होतो, आणि राखेचे बारीक कण घासणीचे काम करतात. नारळाच्या शेंडीबरोबर राख वापरण्याची रीत त्यामुळेच कोकणापासून म्हैसूरपर्यंत रूढ झाली. तांब्या-पितळेच्या भांड्यांना मात्र राख पुरत नाही. त्यांच्यावर चढलेला काळपट थर आम्लाने सुटतो, म्हणून तेथे चिंच, लिंबाची साल किंवा आंबट ताक. रिठा आणि शिकेकाई यांच्यातील फेसाळ द्रव्य मळ सोडविते आणि रेशमी वा लोकरी कापडाला साबणाइतके बाधत नाही. दिवाळीपूर्वी भिंतींना दिलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो. त्याच्या तीव्र क्षारामुळे ओलीची बुरशी मरते आणि पावसाळ्यात काळवंडलेली खोली उजळते. कापडाच्या ट्रंकेत वेखंडाचा तुकडा, धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला, हीदेखील त्याच व्यवहारज्ञानाची अंगे होत.

सारवणाचे तर्कशास्त्रही असेच आहे. मातीची जमीन वापराने भुगभुगते, तिला भेगा पडतात. शेणातील तंतू आणि त्याचा चिकटपणा यांमुळे धूळ बसते व भेगा बुजतात. ही डागडुजी आठवड्या-पंधरवड्याला करावी लागे, सणावारी तर हटकून. ताज्या शेणातून धनुर्वातासारख्या रोगाचे जंतू पसरू शकतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा या रीतीकडे परत जावे, असे सुचविण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की, जमीन विकत न घेता दर पंधरवड्याला ती नवी करून घेण्याची ही युक्ती होती, आणि ती सर्वस्वी दोन हातांवर व वाकलेल्या कमरेवर उभी होती.

३. राज्याची आज्ञा

घरगुती स्वच्छतेचा विचार जुन्या मराठी गद्यात दुर्मीळ आहे. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण लक्ष वेधून घेते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात गडावरील केराची व्यवस्था सांगितली आहे. गडावर केर साचू देऊ नये. तो गडाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात घालून घरोघरी भाजीपाला करवावा, अशा आशयाची ती आज्ञा आहे. येथे केर ही वस्तू त्याज्य राहत नाही, ती उपयोगाच्या चक्रात परत येते. गडावर प्रत्येक वस्तू चढवून न्यावी लागते, त्यामुळे टाकाऊचे मोल तेथे लवकर कळते.

तथापि या आज्ञेचे व्याकरणही पाहावे. ‘करवावा’ हे प्रयोजक रूप आहे. आज्ञा देणारा दिसतो, आज्ञा पाळवून घेणारा कारभारी दिसतो. केरसुणी हाती धरणारा मनुष्य वाक्यात कोठेच येत नाही. काटकसरीचे श्रेय राज्याला मिळते, श्रम अनामिक राहतात. हा अनामिक कर्ता वाङ्मयात प्रथम बोलू लागतो तो भक्तिपरंपरेत.

४. सत्यक्का आणि जनाबाई

बाराव्या शतकातील शरणपरंपरेत सत्यक्का नावाची वचनकर्ती होऊन गेली. शिवभक्तांच्या घरांची अंगणे झाडणे हे तिचे ‘कायक’, म्हणजे श्रमरूप उपासना होती, असे परंपरा सांगते. तिच्या एका प्रसिद्ध वचनात ती शपथपूर्वक म्हणते की, वाटेवर सोने वा वस्त्र पडलेले असले तरी आपण त्याला हात लावणार नाही. या वचनाचे विवेचन सामान्यतः निर्लोभतेचा आदर्श म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बोलणारी स्त्री झाडलोट करणारी आहे, हे ध्यानात ठेवले तर वचनाला आणखी एक पदर लाभतो. परक्याच्या अंगणात जी रोज केरसुणी घेऊन वावरते, तिच्याच दृष्टीस पडलेली वस्तू प्रथम पडते. आणि वस्तू हरवली तर संशयही प्रथम तिच्यावरच येतो. सत्यक्काची शपथ ही जशी ईश्वरापुढील आहे, तशीच ती घरमालकापुढीलही असू शकेल. झाडणारणीच्या प्रामाणिकपणाचा हा प्रश्न आजही प्रत्येक घरकामवालीच्या वाट्याला येतो.

तिच्यानंतर सुमारे दीड शतकाने पंढरपुरात नामदेवांच्या घरची दासी जनाबाई अभंग रचते. जनाबाईच्या नावावरील एका अभंगात जनी झाडलोट करते आणि चक्रपाणी केर भरून नेतो. दळण, कांडण, पाणी आणणे अशा कामांतही विठ्ठल तिचा सोबती होतो. येथे श्रमाचे उदात्तीकरण झाले आहे, असे म्हटले जाते. मला यात त्याहून साधी आणि अधिक हृद्य अशी एक इच्छा दिसते. काम एकटीने उरकत नाही. कोणी तरी टोपलीचे दुसरे टोक धरावे. देव येतो, कारण घरातले दुसरे कोणी येत नाही.

दोघींची तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. सत्यक्का झाडण्यालाच उपासना ठरविते आणि बक्षिसाची अपेक्षा नाकारते. जनाबाई त्या कामाला उपासना ठरवून थांबत नाही. ती उपास्य देवालाच कामाला जुंपते. पहिल्या भूमिकेत श्रमाला प्रतिष्ठा आहे, दुसरीत श्रमाची वाटणी आहे. कन्नड आणि मराठी भक्तिवाङ्मयाच्या तुलनेत तत्त्वज्ञानाची चर्चा पुष्कळ झाली आहे. केर कोण भरतो, या प्रश्नावर ही दोन वाङ्मये शेजारी ठेवून वाचली तर वेगळा प्रकाश पडेल, असे वाटते.

५. केरसुणीची पूजा आणि तिचा कर्ता

महाराष्ट्रात आश्विन अमावास्येस लक्ष्मीपूजनाच्या वेळी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. तिला लक्ष्मी म्हणतात, तिला पाय लागू देत नाहीत. ही केरसुणी शिंदीच्या पानांची, आणि ती वळण्याचा परंपरागत व्यवसाय मातंग समाजाचा. केरसुणी देवघरापर्यंत जात असे. ती वळणारे हात मात्र उंबरठ्याबाहेर थांबत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये पेशवाईतील पुण्याचा दाखला देताना याच वस्तूचे दुसरे रूप नोंदविले आहे : आपल्या पावलांनी विटाळलेली धूळ पुसली जावी म्हणून अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून चालावे, असा दंडक. एकच वस्तू एका जागी लक्ष्मी आणि दुसऱ्या जागी कलंकाची खूण ठरते. तेव्हा ‘स्वच्छता’ आणि ‘शुचिता’ हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत, हे स्पष्ट व्हावे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (पहिला भाग, १९३४) हा भेद घरातून पाहावयास मिळतो. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, हे त्या सांगतात. धुण्याला आणि पाण्याला तेथे अंत नाही. पण त्याचा धुळीशी वा मळाशी संबंध उरलेला नाही. भीतीने शुचितेचे रूप घेतले आहे आणि तिचा भार घरातील बायकामुलांवर पडला आहे. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात, म्हणून त्याची दाहकता कमी होत नाही.

शुचितेची ही चौकट उलटविणारी कृती गाडगेबाबांची. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजीने दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारावेत, असा क्रम आयुष्यभर चालविला. झाडणाराच उपदेशक झाला. २०००-०१ पासून महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, तेव्हा पारितोषिके गावांना मिळाली. खराट्यामागचा जातीविषयीचा प्रश्न मात्र समारंभांत क्वचितच ऐकू आला.

६. स्वस्ताईचा हिशेब

विसाव्या शतकात जमीन बदलली. बंगळूरच्या जुन्या घरांत लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन आली. महाराष्ट्रात कोबा आणि शहाबादी फरशी आली. मराठी घराघरांत पोहोचलेल्या त्या फरशीचे नाव कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून पडले आहे, हेही या देवघेवीचेच उदाहरण. ‘सारवणे’ मागे पडून ‘फरशी पुसणे’ रूढ झाले. शेण गेले, फडके आले. वाकलेली कमर तीच राहिली. फरक असा की, पूर्वी बहुधा घरची सून वाकत असे, आता पुष्कळ घरांत मोलाने काम करणारी बाई वाकते.

या मोलाचा अधिकृत आकडा ठरण्यास फार उशीर लागला. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामासाठी किमान वेतन अधिसूचित केले. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला. चंदनाच्या साबणाला किंमत होती. राखेला किंमत नव्हती, कारण ती लावणाऱ्या हाताला किंमत नव्हती. अल्पखर्ची गृहव्यवस्थेचे जुने उपाय आज पुन्हा सांगितले जातात आणि त्यांतील पुष्कळसे, चिंचेचे, चुन्याचे, रिठ्याचे, खरोखरच गुणकारी आहेत. ते अवश्य जतन करावेत. मात्र ते सांगताना त्यांना लागणारा वेळ आणि तो देणारी व्यक्ती यांचाही उल्लेख व्हावा.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथे करण्याजोगे काम आहे. मराठी आणि कन्नड कोशांतील घरकामाची क्रियापदे एकत्र मांडावीत, त्यांचे वाङ्मयातील कर्ते शोधावेत आणि कर्ता जेथे गाळला गेला आहे तेथे तो का गाळला गेला, हे विचारावे. ‘सारवणे’ आणि ‘सारिसु’ यांच्या साम्याची नोंद पुरेशी नाही. सारवले कोणी, हे दोन्ही भाषांना विचारले पाहिजे.