दूर राहून एकत्र पाहताना

आम्ही संशोधक संगणकाभोवती घोळका करून एखादी आकृती पाहतो, तेव्हा सर्वांत जास्त चालते ते बोट. ‘हा भोवरा नव्हे, त्याच्या मागचा!’ हे वाक्य बोटाशिवाय निरर्थक आहे. मग जोडीदार परगावी असेल तर?

आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली मांडलेल्या डोक्यावरच्या पडद्यात नुसत्या रेघांचे ठोकळे दिसत. डोके वळले की चित्रही त्याप्रमाणे बदले. यंत्र मात्र छताला टांगलेले आणि पाहणारा एकटाच.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन व थॉमस डिफँटी यांनी ‘केव्ह’, म्हणजे गुहा, नावाची खोलीच उभारली आणि १९९२ साली ती लोकांना दाखवली. तीन भिंतींवर व जमिनीवर प्रक्षेपकांनी चित्रे पाडायची. खास चष्म्यातून पाहिले की रेणू खोलीच्या मधोमध तरंगताना दिसे. आत एका वेळी अनेकजण मावत. पण गंमत पाहा, संगणक माग ठेवी तो एकाच डोक्याचा! चित्र बरोबर दिसे तेही त्या एकालाच. क्रिकेटच्या मैदानावर रंगवलेली जाहिरात कॅमेऱ्यातून उभी दिसते, बाजूने पाहिली तर वेडीवाकडी, तसेच हे. शेजाऱ्याला रेणू किंचित सरकलेला दिसे. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांचे बोट एका जागी पडेना.

पुढे निरनिराळ्या शहरांतल्या अशा खोल्या जाळ्याने जोडल्या गेल्या. आता प्रत्येक खोलीत एकेका डोक्याचा माग ठेवलेला. त्यामुळे शेजाऱ्यांना जे जमत नव्हते, ते शेकडो मैलांवरच्या दोघांना जमले! माहितीची प्रत दोन्हीकडे आधीच ठेवायची आणि तारेवरून फक्त डोक्याची व हाताची जागा आणि दिशा सांगणारे थोडे आकडे धाडायचे. त्यांवरून समोर जोडीदाराचा बाहुला दिसे; त्याने मान हलवलेली, बोट रोखलेले कळे.

थोडा उशीर होणारच. शिकागो ते ॲमस्टरडॅम अंतर सुमारे ६,६०० किलोमीटर आणि काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. जाऊन येऊन किती वेळ, हे गणित नववीच्या वर्गाला जरूर घालावे. उत्तर सेकंदाच्या पंधराव्या भागाच्या आसपास येते. ते कमी करणे कोणत्याही संगणकाच्या हाती नाही.

२०१५ साली नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘ऑनसाइट’ ही प्रणाली जाहीर केली. मंगळावरील गेल विवरात क्युरिऑसिटी गाडीने टिपलेल्या छायाचित्रांवरून रचलेल्या भूमीवर वेगवेगळ्या गावचे शास्त्रज्ञ एकत्र ‘उभे’ राहू लागले. सपाट पडद्यापेक्षा इथे अंतरे आणि कोन अधिक अचूक सांगता आले. खडकाचा कुठला थर कुणाखाली जातो, हा वाद आता त्या थरापाशी वाकून, बोट ठेवून घालता येतो.