शिरोरेषेला उजेड कसा द्यायचा?

गेल्या खेपेला आपण शिशाच्या खिळ्यांमधल्या देवनागरीबद्दल बोललो. आज तीच अक्षरं छापखान्यातून बाहेर काढून दुकानाच्या माथ्यावर चढवायची आहेत, आणि तीही दिवे लावून.

हा विषय मला सुचला तो एका दुकानदार मित्रामुळे. त्याच्या दुकानाचं नाव 'आनंद'. नवी पाटी केली, प्रत्येक अक्षर स्वतंत्र, आत एलईडी, ज्याला बाजारात 'थ्रीडी लेटर' म्हणतात तसली. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले आणि समोरच्या फुटपाथवरून वाचलं तर 'आनद'. अनुस्वार बसवला होता, पण आत दिवा मावलाच नव्हता! कारागिराला दोष देऊन आम्ही मोकळे झालो. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, दोष इतका नवा नाही.

विजेच्या पाटीचा इतिहास मुळात विजेचाच इतिहास आहे. मुंबईत 1882 साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले, पण पुरवठा करणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात गेली. भरवशाची वीज आली ती 1905 नंतर, वाडीबंदरच्या वीजघरातून. तोवर आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं दुकानाची पाटी म्हणजे पेंटरची पाटी. कुंचल्याला सगळ्या लिप्या सारख्याच. शिरोरेषा एका दमात ओढायची, खाली अक्षरं टांगायची, टिंब द्यायचं. संपलं.

मग आला निऑन. हा वायू रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी लंडनमध्ये 1898 साली शोधला. जॉर्ज क्लोद यांनी डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याच्या लांबलचक नळ्या उजळून दाखवल्या. काचेची नळी ज्योतीवर तापवून वाकवायची, हवा काढून वायू भरायचा, दोन टोकांना मोठा विद्युतदाब द्यायचा. निऑनचा रंग लाल, आणि आरगॉनमध्ये पारा घातला की निळा.

आता गंमत बघा. नळी म्हणजे एक अखंड रेघ, आणि आपली लिपीही रेघेला धरून चालणारी. शिरोरेषेसाठी सरळ नळी, खाली वळणं. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना नळीचा जो भाग दिसायला नको, त्यावर काळा रंग फासायचा. टिंबासाठी छोटंसं वेटोळं. काम कसबाचं होतं, काच फुटायची, ट्रान्सफॉर्मर गुणगुणायचा, पण लिपीशी भांडण नव्हतं. पुढे ग्लोसाइनची पेटी आली, आत ट्यूबलाइट, वर ॲक्रिलिक आणि नंतर फ्लेक्स. तिथे तर सगळा पडदाच उजळतो, अक्षर कुठलंही असो.

भांडण सुरू झालं ते स्वतंत्र पेटीच्या अक्षराशी. ही कल्पना जुनी आहे. पत्र्याचं पन्हळीसारखं उघडं अक्षर करून आत साधे बल्ब बसवत, मग निऑन बसवू लागले, मग तोंडावर ॲक्रिलिक आलं. प्रखर निळा एलईडी 1993 मध्ये बाजारात आला, त्यातून पांढरा उजेड साधला, आणि 12 व्होल्टवर चालणाऱ्या मोड्यूलमुळे हे काम गल्लीबोळात पोचलं. पण साचा रोमन मोठ्या अक्षरांचा! प्रत्येक अक्षर सुटं, एकाच उंचीचं, जाड अंगाचं. देवनागरी त्यात घालायची तर शिरोरेषा तोडावी लागते. उकाराची शेपटी इतकी निमुळती की मोड्यूल जात नाही. टिंबाला स्वतःची पेटी लागते, स्वतःचं भोक, स्वतःची वायर.

आणि नेमक्या याच काळात कायदा आला. महाराष्ट्रात 2022 च्या दुरुस्तीनं सगळ्या दुकानांना नाव देवनागरीत मराठीत लिहिणं सक्तीचं झालं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं 25 सप्टेंबर 2023 ला दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. योग्यच झालं. पण दोन महिन्यांत काय होणार? दिव्याची रोमन अक्षरं होती तिथेच राहिली, आणि वर किंवा बाजूला मराठी नावाचं स्टिकर लागलं. दिवसा पट्टी लावून मोजा, आकार बरोबर. संध्याकाळी सातनंतर बघा, मराठी नाव अंधारात. माझी तक्रार इथे आहे.

आकाराचंही एक कोडं आहे. पाटीवाले ढोबळ हिशेब सांगतात, 10 फुटांना एक इंच उंची. रस्त्यापलीकडून, म्हणजे साधारण 100 फुटांवरून वाचायचं तर 10 इंच. हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांचा. 'मूर्ती' हा शब्द घ्या. वर वेलांटी आणि रफार, खाली दीर्घ उकार. एकूण उंची 10 इंच धरली, तर मधल्या अक्षराला जेमतेम सहा उरतात. म्हणून उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजावी आणि मात्रांची जागा वेगळी धरावी. फलकाची चौकट ठरवण्याआधी, नंतर नव्हे.

बाकी उपाय कारागिरांकडे आहेत, विचारणारा हवा. नाव छोटं असेल तर अख्खा शब्द एकच पेटी करावा. मात्र ॲक्रिलिकची शीट 8 बाय 4 फुटांची येते, त्याहून लांब शब्दाला सांधा येणारच, तो कुठे ते आधी ठरवावं. शिरोरेषा तोडायचीच असेल तर प्रत्येक अक्षरापाशी सारखीच फट ठेवावी, म्हणजे ती घडण वाटते, मोडतोड नाही. कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं आठवा. शिरोरेषेशी किती खेळले, पण नाव कधी अडलं नाही. आणि फॉन्ट संगणकात पहिला दिसला तो घेऊ नये. जाड-बारीक फरक कमी असलेला घ्यावा, म्हणजे शेपटीतही दिवा जातो.

मला सगळ्यात पटलेला मार्ग तिसराच आहे. एसीपीच्या पॅनलमध्ये अक्षरं आरपार कापायची, आतून ॲक्रिलिक बाहेर काढायचं, मागे सगळ्यांना मिळून एकच उजेड. टिंबाला वेगळी पेटी नको, वायर नको. खोली मात्र नीट ठेवावी लागते. पेटी उथळ झाली की एलईडीचे ठिपके मोजता येतात.

मित्रानं शेवटी तेच केलं. जुनी अक्षरं भंगारात गेली, खर्च दुप्पट झाला, आणि त्यावरून त्यानं मला ऐकवलंही भरपूर. अनुस्वार आता लागतो. चला, प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतून कुणीतरी हात वर केलाय.